भाड्यासाठी घर घेताय? आधी वहीत हिशेब मांडा!

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नालासोपारा पूर्वेच्या एका विहारात रविवारची वंदना आटोपली. आम्ही बाहेर चपला शोधत होतो, तोच एक ओळखीचे गृहस्थ जवळ आले. मुंबई महापालिकेच्या सफाई खात्यात छत्तीस वर्षे काढून ते नुकतेच निवृत्त झाले होते.

"जयभीम साहेब. पाच मिनिटं आहेत का?"

पाच मिनिटांचे काम नव्हते. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून त्यांच्या हातात पंचवीस लाख रुपये आले होते. एका एजंटने त्यांना स्टेशनपासून रिक्षाने पंधरा मिनिटांवरची रूम-किचनची जागा दाखवली होती. किंमत बावीस लाख. "महिन्याला सात हजार भाडं घरबसल्या. दुसरी पेन्शनच समजा काका," असे एजंट म्हणाला होता. काकांनी अकरा हजार रुपये टोकनही देऊन टाकले होते.

"पण हिला पटत नाही," काका म्हणाले.

वहिनी बाजूलाच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, एवढा पैसा आयुष्यात एकदाच येणार. पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलंय. सगळा पैसा भिंतीत घातला आणि उद्या ती भिंतच आपली नाही असं निघालं तर?"

त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी बसलो. मुलीची एक कोरी वही घेतली आणि हिशेब मांडला. तो हिशेब येथे देत आहोत, कारण हा प्रश्न एका घरापुरता नाही. रेल्वेतून, बेस्टमधून, महापालिकेतून निवृत्त होणारे आपले शेकडो बांधव आज याच विचारात आहेत.

इमारती आधी, पाणी मागून

वसई-विरारची घडण ध्यानात घेतल्याशिवाय इथल्या घराचा हिशेब कळत नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे बंद पडत गेले. परळ, वरळी, नायगावच्या चाळींत कुटुंबे मावेनात. दादर-अंधेरीला घर घेणे आवाक्याबाहेर गेले, तसा कष्टकरी माणूस पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे सरकत राहिला. १९८८ मध्ये शासनाने वसईच्या हरित पट्ट्यातील मोठे क्षेत्र बांधकामाला मोकळे केले. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने मोठे आंदोलन उभारले. १९९० मध्ये नियोजनाचे काम सिडकोकडे आले. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा पालघर जिल्हा झाला.

या सगळ्या काळात इमारती पुढे धावल्या. पाणी, गटारे, रस्ते मागून आले. काही ठिकाणी परवानगीही मागून येईल असे सांगून घरे विकली गेली, आणि ती आलीच नाही. म्हणून इथे घर घेताना दोन हिशेब करावे लागतात. एक पैशाचा आणि दुसरा कागदाचा.

एजंटचे गणित आणि वहीतले गणित

एजंटचे गणित सोपे होते. महिना सात हजार, म्हणजे वर्षाला ८४,०००. बावीस लाखांवर हे पावणेचार टक्के होतात, बोलताना तो चार म्हणाला. पण घर बावीस लाखांत पडत नाही आणि हातात ८४,००० येत नाहीत.

आधी घर केवढ्याला पडते ते लिहिले. मुद्रांक शुल्क उपकरासह ६ टक्के धरले, म्हणजे १,३२,०००. (खरेदी करताना नेमका दर दुय्यम निबंधक कार्यालयात विचारावा.) नोंदणी फी १ टक्का, २२,०००. एजंटची दलाली एक टक्का, २२,०००. सोसायटीचे हस्तांतर शुल्क जास्तीत जास्त २५,०००. रंग, नळ, वायरिंग यांना ५०,०००. बेरीज आली २४ लाख ५१ हजार. म्हणजे काकांची सारी जमा एका खोलीत गेली.

मग हातात किती येते ते लिहिले. एक भाडेकरू जातो, दुसरा येतो, मध्ये घर रिकामे राहते. वर्षाला सरासरी एक महिना रिकामा धरला. उरले अकरा महिन्यांचे ७७,०००. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च १२,०००, घरपट्टी ३,०००, दुरुस्ती ५,०००, भाडेकरू आणून देणाऱ्याची दलाली आणि कराराचा खर्च सरासरी ५,०००. एकूण २५,००० गेले. शिल्लक ५२,०००.

आता भागाकार. वर्षाला हातात उरणारे भाडे भागिले एकूण गुंतलेली रक्कम, गुणिले शंभर. उत्तर आले २.१२. म्हणजे पावणेचार नव्हे, दोन टक्क्यांच्या जरा वर.

हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपल्या इमारतीचे आकडे घालावेत. पण रीत हीच.

मग आम्ही शेजारच्या पानावर पोस्टाचा हिशेब लिहिला. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला आणि ठेवीची मर्यादा ३० लाखांपर्यंत वाढली. दर तीन महिन्यांनी शासन नव्या ठेवींसाठी व्याजदर जाहीर करते, म्हणून पैसे भरण्याआधी पोस्टात विचारावे. एकदा भरलेल्या ठेवीला पाच वर्षे तोच दर राहतो. ८.२ टक्क्यांनी साडेचोवीस लाखांवर तीन महिन्यांना सुमारे ५०,००० रुपये व्याज होते.

काकांनी दोन्ही पाने पुन्हा पुन्हा पाहिली. खोली वर्षभरात जेवढे देणार, जवळजवळ तेवढे पोस्ट तीन महिन्यांत देते!

मग लोक घरे का घेतात?

पोस्टाचे व्याज पाच वर्षे तेवढेच राहते. भाडे वाढते आणि घराची किंमतही वाढू शकते. घर घेणारा खरे तर या वाढीवर पैसे लावत असतो. ती वाढ किती लागेल, तेही काढता येते. पोस्ट वर्षाला दोन लाख देते आणि खोली ५२,०००. फरक जवळजवळ दीड लाखाचा, म्हणजे गुंतवलेल्या रकमेच्या सहा टक्के. भाडे वाढत गेले तर हा फरक हळूहळू कमी होईल, पण सुरुवातीच्या वर्षांत घराची किंमत दरसाल सहा टक्क्यांनी वाढली तरच दोन्ही पारडी सारखी. शिवाय पोस्टातली ठेव गरजेला मुदतीआधी, थोडे नुकसान सोसून, मोडता येते. घर विकायला महिने लागतात आणि घाईच्या माणसाला भाव मिळत नाही.

कर्ज काढून भाड्यासाठी घर घेणाऱ्यांनी तर आणखी सावध राहावे. दहा लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतले, तर हप्ता महिन्याला सुमारे ९,८५० बसतो. वरच्या खोलीतून महिन्याला हातात पडतात ४,३३३. उरलेले साडेपाच हजार दर महिन्याला घरातून घालावे लागतील. "भाड्यातून हप्ता फिटेल" हे वाक्य ऐकले की वही उघडावी.

'हेवी डिपॉझिट'चेही तसेच. भाडेकरूकडून चार लाख एकरकमी घ्यायचे आणि भाडे माफ करायचे, ही रीत आपल्याकडे सर्रास आहे. चार लाखांवर सात टक्के धरले तर महिन्याला २,३३३ रुपये होतात. म्हणजे सात हजारांची खोली आपण एवढ्याला दिली! आणि ती रक्कम परत करायची असते. मुलाच्या लग्नात डिपॉझिट खर्चून बसलेले आणि मुदत संपल्यावर दारोदार उसनवारी करणारे घरमालक आम्ही पाहिले आहेत.

कागद नसेल तर सारे शून्य

आता दुसरा हिशेब. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. नोव्हेंबर २०२४ पासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या जमीनदोस्त झाल्या. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांत घामाचा पैसा घालून घर घेतलेले होते, तसे भाड्याने राहणारेही होते. घर पडले म्हणून कर्ज माफ होत नाही, हप्ता चालूच राहतो.

२६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार पूर्वेच्या विजय नगरमधील रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला. तीही इमारत अनधिकृत होती, आणि फार जुनी नव्हती. कागद नसलेल्या इमारतीत फक्त पैसा अडकत नाही, माणसे अडकतात. भाड्याच्या लोभाने आपण त्यात दुसऱ्याचे लेकरू झोपवत असतो, याचे भान राहिले पाहिजे.

म्हणून पैसे मोजण्याआधी एवढे कागद मागावेत.

१. सातबारा उतारा आणि जमीन बिनशेती झाल्याचा आदेश. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय ती बिगरआदिवासीला घेता येत नाही, मग तिच्यावरची खोली कितीही स्वस्त मिळो.

२. बांधकाम परवानगी. ती ज्या काळातली असेल त्या काळच्या प्राधिकरणाची, सिडकोची की महापालिकेची, हे पाहावे आणि त्या कार्यालयात जाऊन क्रमांक पडताळावा. विकास आराखड्यात त्या जागेवर आरक्षण आहे का, तेही तिथेच विचारावे.

३. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. हा कागद सर्वांत महत्त्वाचा. "ओसी प्रोसेसमध्ये आहे" म्हणजे ओसी नाही.

४. इमारत २०१७ नंतरची असेल तर महारेरा क्रमांक. पण नुसत्या क्रमांकावर विसंबू नये. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानग्यांवर महारेरा नोंदणी मिळवल्याचे २०२२ मध्ये उघड झाले.

५. सोसायटीची नोंदणी, विकणाऱ्याच्या नावाची आधीची सर्व करारपत्रे आणि थकबाकी नसल्याचा दाखला.

घरपट्टीची पावती, विजेचे मीटर आणि नोंदणी झालेले करारपत्र, यांपैकी एकही कागद इमारत अधिकृत असल्याचा पुरावा नव्हे. महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते, उलट दंडासह लावते. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून विकलेली चाळीतली खोली तर कायद्याने आपल्या नावावर होतच नाही.

एक सोपी कसोटी सांगतो. कर्ज नको असले तरी एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत जाऊन विचारावे, "या इमारतीवर कर्ज देता का?" बँक नाही म्हणाली तर कारण विचारावे. बँक ज्या घरात पैसे घालायला भिते, त्यात आपण आपला फंड का घालावा?

वेळ कोणती?

"आत्ताच घ्या, पुढच्या वर्षी भाव दुप्पट," हे वाक्य वसई-विरारला तीस वर्षे ऐकू येते आहे. मुंबई परिसरात १९९५ च्या सुमारास घरांचे भाव शिगेला पोहोचले. त्यानंतर ते उतरले आणि कितीतरी वर्षे सावरले नाहीत. तेव्हा उसनवारी करून घेतलेल्यांना विकताना मुद्दलही सुटले नाही. भाव नेहमी वरच जातो, हा समज खोटा आहे.

पुढे येणाऱ्या प्रकल्पांचेही तसेच. विरारला बुलेट ट्रेनचे स्थानक, विरार-अलिबाग मार्गिका, सागरी पूल अशी नावे सांगून आजच भाव वाढवून मागतात. घोषणा झाली की विकणाऱ्याचा भाव वाढतो. भाडे मात्र गाडी धावली, नळाला पाणी आले की वाढते. सूर्या प्रकल्पाच्या वाढीव पाण्याची वाट या शहराने वर्षानुवर्षे पाहिली. ते २०२३ च्या अखेरीस येऊ लागले. तोवर टँकरचा खर्च सोसायट्यांनी सोसला. म्हणून जे आज चालू आहे त्याचेच पैसे द्यावेत.

व्याजाचा दर मात्र जरूर पाहावा. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्के झाला. स्वस्त कर्ज पाहून धावलेल्यांचे हप्ते किंवा मुदती वाढल्या. २०२५ मध्ये दर पुन्हा उतरले. पंधरा वर्षांच्या कर्जात असे चढउतार येणारच. हप्ता आज जेवढा आहे त्याहून हजार-दीड हजार वाढला तरी झेपेल का, हे आधी पाहावे.

सवलती येतात तेव्हा त्या घ्याव्यात. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २ टक्क्यांवर आले होते आणि मार्च २०२१ पर्यंत ३ टक्के होते. ज्यांचे कागद तपासून तयार होते, त्यांचाच फायदा झाला. २०२१ पासून घर एकट्या महिलेच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. बावीस लाखांच्या घरात २२,००० वाचतात आणि घरही घरच्या बाईच्या नावावर होते. याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा.

पण आमच्या मते खरी वेळ ऋतूंची आहे. घर तीनदा पाहावे. एकदा मे महिन्यात, नळाला पाणी किती वेळ येते ते पाहायला. एकदा जुलैत, मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढले, गाड्या बंद पडल्या आणि वसईत बोटींनी माणसे काढावी लागली. तेव्हा त्या गल्लीत पाणी कुठवर होते, हे तळमजल्यावरच्या बाईला विचारावे. ती एजंटपेक्षा खरे सांगेल. आणि तिसऱ्यांदा कामाच्या दिवशी सकाळी सात वाजता, घरातून निघून लोकल पकडून पाहावे. भाडेकरू रोज तेच करणार आहे. शेअर रिक्षाला एका वेळी वीस रुपये धरले तर महिन्याला हजारावर जातात. चालत जाता येईल असे घर तेवढेच जास्त भाडे देते आणि रिकामेही कमी राहते.

भाडेकरू आणि आडनाव

घर भाड्याने देताना करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. लेखी करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरे धरले जाते. मुदत संपूनही लिव्ह अँड लायसन्सवरचा माणूस घर सोडत नसेल, तर दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते. सोसायटी भाडेकरू ठेवला म्हणून वाटेल तेवढा पैसा मागू शकत नाही. २००१ च्या शासन आदेशानुसार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त बिगरवापर शुल्क घेता येत नाही.

आणि एक गोष्ट आपल्या मनाशी. १९१७ मध्ये बडोद्याला बाबासाहेबांना डोके टेकायला जागा मिळाली नाही, पारशी खानावळीतून त्यांना बाहेर काढले गेले. आजही खोली शोधताना "आडनाव काय?" हा प्रश्न आम्ही ऐकतो, आणि त्यानंतर "खोली कालच गेली" हे उत्तरही. उद्या आपण घरमालक झालो, तर दारात आलेल्या माणसाची नोकरी विचारावी, आधीच्या घरमालकाचा दाखला मागावा, पोलीस ठाण्यात माहिती द्यावी. जात-धर्म विचारू नये. हिशेबानेही ते मूर्खपणाचे आहे, कारण रिकामा महिना सात हजारांना पडतो.

मग घ्यायचेच नाही का?

जरूर घ्यावे. पण आमच्या मते चार गोष्टी जुळल्या तर. ओसी हातात आहे. किंमत वर्षाच्या भाड्याच्या वीस पटींच्या आसपास आहे. (काकांची खोली सव्वीस पट होती.) जमेच्या निम्म्याहून जास्त पैसा त्यात जात नाही आणि तो सात-आठ वर्षे लागणार नाही. आणि शेवटचे, वेळ पडली तर आपण स्वतः त्या घरात राहू शकतो. ज्या घरात आपण राहणार नाही, ते दुसऱ्यानेही घेऊ नये असेच असते.

काका दुसऱ्या दिवशी एजंटकडे ओसी मागायला गेले. तो आधी हसला, मग म्हणाला, "इथे कोणाकडे असते काका?" वहिनी सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "मग आमचं टोकन द्या." सहा खेपा माराव्या लागल्या, पण अकरा हजार परत मिळाले. पैसे पोस्टात गेले. मुलीची फी पहिल्या तिमाहीच्या व्याजातून भरली.

घर पाहणे त्यांनी सोडलेले नाही. परवा भेटले तेव्हा काकांच्या पिशवीत तीच वही होती. तीन इमारतींची नावे लिहिलेली होती, त्यांतली दोन खोडलेली. तिसरीपुढे वहिनींच्या अक्षरात लिहिले होते : जुलैत पाहायची.